आधी विचार, मग सांग

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र वाचले. मधुमेह म्हणजे काय, इन्सुलिन का हवे, हे तू आकृत्या काढून समजावलेस, रुग्णाने प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि महिनाभराने कळले की त्याने इन्सुलिन सुरूच केलेले नाही. ‘आणखी काय सांगायला हवे होते?’ हा तुझा प्रश्न. आणखी काहीच नाही! तुझ्या चार पानांत रुग्णाच्या तोंडचे एकही वाक्य नाही. त्याला काय वाटते, हे आधी विचारायला हवे होते.

इन्सुलिन नाकारणाऱ्या एका बाईंना मी एवढेच विचारले, “ते घेतले तर काय होईल असे वाटते?” बराच वेळ त्या हातातल्या केसपेपरची घडी घालत आणि उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, “वडिलांना इन्सुलिन लावले आणि दोन महिन्यांत त्यांचा पाय कापला.” वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या आधीच निकामी केल्या होत्या, इन्सुलिन फार उशिरा आले होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, कारण त्यांच्या मनात असे काही आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच असे प्रश्न मांडून ठेवले आहेत: हा त्रास कशामुळे झाला असे वाटते, तो आत्ताच का सुरू झाला, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? आपल्याला मात्र धीर नसतो. १९८४ च्या बेकमन आणि फ्रँकेल यांच्या अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडले होते. वेळ नाही, हे कारण मला सांगू नकोस. माझी ओपीडी सर्वांत उशिरा संपते म्हणून मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण विचारणे सोडले नाही, आणि आजही सोडणार नाही. न घेतलेल्या औषधावर वाया जाणारा वेळ कोणीच मोजत नाही.

आधी विचार. उत्तर चुकीचे वाटले तरी लगेच खोडू नकोस, नाहीतर पुढचे वाक्य येणार नाही. “मला काय कळतंय, तुम्हीच सांगा,” असे तो म्हणेल, तेव्हाही थांबू नकोस. घरात या आजाराबद्दल काय बोलणे झाले, ते विचार. स्वतःचे मत सांगायला कचरणारी माणसे घरच्यांचे मत मोकळेपणाने सांगतात, आणि त्यातच बहुधा त्यांचे स्वतःचेही असते.