ग्रामर येतं, पण बोलताना अडते

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरमधे राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, इंग्रजी फक्त वर्गात. मुलगी आठवीत आहे, ग्रामरमधे मार्क छान येतात पण कोणी इंग्रजीत काही विचारलं की गप्पच होते. फोनवर अ‍ॅप टाकून बघितली, आता एक कंपनी वर्षाची फी भरा म्हणून मागे लागलीय, भंवरकुव्याच्या एका क्लासचंही मनात आहे. काय करावं?
– एक आई, इंदूर

उत्तर : फी आत्ता नका भरू. तिचं अडतंय ते कानाचं आणि तोंडाचं, आणि बऱ्याच अ‍ॅपमधे जोड्या लावा, गाळलेला शब्द निवडा असंच जास्त असतं, तोंड उघडायची वेळ कमीच येते.

बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सिक्स मिनिट इंग्लिश हा कार्यक्रम लावून द्या, फुकट आहे. दोघं जण एखाद्या विषयावर सहाएक मिनिटं गप्पा मारतात आणि ते जे बोलले ते सगळं साइटवर लिहूनही दिलेलं असतं, माझ्या मते खरी किंमत त्या लिहिलेल्याचीच आहे. आधी नुसतं ऐकू दे, मग लिहिलेलं समोर ठेवून, मग त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेऊन त्यांच्या मागोमाग मोठ्यानं बोलू दे. आठवडाभर तोच भाग चालेल, रोज नवा नको. मग स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐकायचे. कुठे कमी पडतं ते तिचं तिलाच कळेल, उदाहरणार्थ फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो पण फोटोग्राफर म्हणताना तो ‘टॉ’वर सरकतो आणि आपण मराठी माणसं दोन्हीकडे सगळी अक्षरं सारखीच म्हणतो. शंका आली तर केंब्रिज डिक्शनरीच्या साइटवर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, कुठलाही चालेल.

फोनच्या कीबोर्डवर माइक असतो ना, भाषा इंग्लिश इंडिया ठेवून त्यात वाक्य बोलायचं आणि काय टाइप होतं ते बघायचं. फोनही चुकतो हं, त्यावरून तिला रागवू नका.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही साइट आहे, 2015 पासून, तीही फुकट. तिथे एकच गोष्ट मराठी, हिंदी, इंग्रजी अशी बऱ्याचदा मिळते. आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचली की डिक्शनरी फार उघडावी लागत नाही, आणि नंतर पुस्तक मिटून तीच गोष्ट तिनं तुम्हाला इंग्रजीत सांगायची. तुम्हाला इंग्रजी कमी येत असलं तरी ऐकायला बसा, मधेच चुका काढू नका, अडली तर मराठी शब्द घालून पुढे जाऊ दे. घाबरून गप्प होणाऱ्या मुलीला हे ऐकणारं माणूसच हवं असतं, ते कुठल्याच अ‍ॅपमधे मिळत नाही.

क्लासला नाव घालायच्या आधी एक दिवस डेमोला बसून बघा, तासात मुलं किती बोलतात आणि सर किती. सर फळ्यावर टेन्स शिकवत असतील तर ते तिला येतंच.