वाचकांचे प्रश्न : युरोपातले नाताळबाजार

युरोपातले नाताळबाजार पाहायला जाण्याबद्दल सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा घोळ तारखांचाच आहे, म्हणून सुरुवात तिथून.

मुलांना नाताळची सुट्टी लागली की २४ डिसेंबरला मुंबईहून निघायचं आणि दहा दिवस जर्मनीतले बाजार पाहायचे, असा बेत आहे. कोणती शहरं घ्यावीत?
– एक वाचक, कराड

बेत असाच राहिला तर जर्मनीत मोडलेली दुकानं पाहायला मिळतील. म्हसवडची यात्रा मुख्य दिवसाच्या आसपास फुलते. इथे नेमकं उलट, मुख्य दिवस आला की पालं उठतात. बाजार भरतो तो नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, म्हणजे ॲडव्हेंटमध्ये. २०२६ मध्ये यातला पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. न्यूरेंबर्गचा बाजार त्याआधीच्या शुक्रवारी, २७ नोव्हेंबरला सुरू होतो आणि २४ डिसेंबरला आवरतो. कोलोनला कॅथेड्रलसमोरचा बाजार तर २३ तारखेलाच संपतो. २४ ला दुपारी दोनच्या सुमारास साधी दुकानंही बंद होतात, २५ आणि २६ ला सार्वजनिक सुट्टी. दुधाची पिशवी हवी असेल तरी मोठं रेल्वे स्टेशन गाठावं लागतं.

सुट्टी पुढे-मागे होतच नसेल तर देश बदला. प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो. व्हिएन्नात टाउन हॉलसमोरचा मोठा बाजार २६ ला संपतो, पण शोनब्रुन राजवाड्यापुढचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. बर्लिनमधलेही काही बाजार ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहतात. तरी आमचं मत विचाराल तर शाळेतून आठवडाभर रजा काढा आणि १० ते २० डिसेंबर गाठा.

फार लवकर जाण्यातही फसगत आहे. ॲडव्हेंटच्या आधीचा रविवार (२०२६ मध्ये २२ नोव्हेंबर) जर्मनीत मृतांच्या स्मरणाचा. बरेच बाजार त्यानंतरच उघडतात, आणि आधी उघडलेल्यांतलेही कित्येक त्या दिवशी बंद असतात.

वार आणि वेळही बघा. शनिवारी संध्याकाळी न्यूरेंबर्गच्या चौकात गर्दी नेईल तिकडे जायचं, दुकानापाशी थांबून काही बघणं होत नाही. सोमवार ते गुरुवार दुपारी तीनला पोचा. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तासभर उजेडात वस्तू नीट पारखता येतात आणि पुढे दिव्यांची शोभाही मिळते. सहानंतर ऑफिसं सुटलेली माणसं येतात.

एक प्रवासी कंपनी दहा दिवसांत सात देश आणि नऊ बाजार दाखवणार आहे. घ्यावी का ही सहल?
– एक जोडपं, विश्रामबाग, सांगली

नऊ बाजार म्हणजे चौथ्यापासून तेच बदाम, तेच मग आणि त्याच टोप्या. बाजार निवडायचा तो तिथल्या खास गोष्टीसाठी. न्यूरेंबर्ग लेबकुखन या मसालेदार केकबिस्किटांसाठी आणि सुक्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्यांसाठी. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा. तिथे लाकडी कामं आणि श्टोलन केक. स्ट्रासबुर्गचा १५७० पासूनचा. तिथली ब्रेडेले नावाची छोटी बिस्किटं घ्यावीत आणि क्लेबेर चौकातलं भलंमोठं झाड बघावं.

एवढ्या दिवसांत तीन-चार शहरं पुरेत. मुंबईहून थेट विमानाने फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत न्यूरेंबर्ग, मग चारएक तासांच्या बसने प्राग, प्रागहून अडीच तासांच्या आत ड्रेस्डेन आणि परत फ्रँकफर्ट. फ्रान्सकडे ओढा असेल तर फ्रँकफर्ट-स्ट्रासबुर्ग सुमारे दोन तास, आणि तिथून कोलमार अर्धा तास.

जर्मन रेल्वेचं स्वस्त ‘श्पारप्राइस’ तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. तुमच्या चुकीने गाडी हुकली तर तिकीट गेलं. पण गाडीच मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असेल तर दुसऱ्या गाडीने जाता येतं. उशीर नेहमीचाच, म्हणून गाडी बदलायची असेल तिथे मध्ये पाऊण तास तरी मोकळा ठेवा.

कंपनीला दोनच गोष्टी विचारा. हॉटेलपासून बाजार पायी किती? आणि प्रत्येक शहरात अंधार पडल्यावर किती तास मिळतील? बस साडेचारला निघणार असेल तर पैसे भरू नका.

सासूबाई माळकरी आहेत. मांस नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. त्यांना तिथे खायला काय मिळेल?
– एक वाचक, मिरज

उपाशी राहायची वेळ येणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. निर्धास्त खावं असं म्हणजे भाजलेले चेस्टनट (पाटीवर ‘मारोनेन’ लिहिलेलं असतं) आणि साखर-दालचिनीत परतलेले गरम बदाम, ‘गेब्रान्टे मांडेल्न’. दोन्ही कागदी पुड्यांत मिळतात आणि बोटंही शेकतात.

फसवणारे पदार्थ वेगळेच. किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी, ‘राइबेकुखन’ किंवा ‘कार्टोफेलपुफर’, सफरचंदाच्या गरासोबत देतात. दिसायला शाकाहारी, पण पिठात बहुधा अंडं. चीज घातलेल्या ‘श्पेत्सले’ शेवयांत तर अंडं असतंच. ‘फ्लामकुखन’ या पातळ भाकरीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मांसाशिवायचीही बहुतेक ठिकाणी मिळते, मात्र मुद्दाम मागायची. ‘श्माल्ट्सकुखन’ हे तळलेले छोटे तुकडे पूर्वी डुकराच्या चरबीत तळत. आता बरेच जण तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्रेंच फ्राइजची कढई कधी सॉसेजचीही असते. राक्लेट चीज लावलेला पाव आकर्षक दिसतो, पण ते चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. सासूबाईंना हे चालतं का, ते आधीच विचारून ठेवा.

तीन वाक्यं कागदावर लिहून न्या : ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, ‘ओने आय’ म्हणजे अंड्याशिवाय, ‘ओने अल्कोहोल’ म्हणजे दारूशिवाय. पाटीवर ‘वेगान’ असेल तर मांस, अंडं आणि रेनेट तिन्हींची काळजी मिटली.

गरम पेयात सर्वांत जास्त चूक होते. ‘ग्ल्यूवाइन’ ही मसाले घालून तापवलेली वाइन. ‘किंडरपुन्श’ मुलांसाठीचं, फळांच्या रसाचं, बिनदारूचं. पण नुसतं ‘पुन्श’ मागितलं, विशेषतः व्हिएन्नात, तर रम घातलेलं हातात येतं.

घरून नेण्यातही एक मेख आहे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे सातारी कंदी पेढे आणि तुपाचा डबा घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि तूप न लावलेले खाकरे न्या.

ड्रेस्डेनच्या श्टोलन केकमध्ये बेदाणा भरपूर असतो असं वाचलं. आपल्या बेदाण्यात तो जमेल का? तिथून आणला तर टिकतो का?
– एक बागायतदार, तासगाव

जमेल, आणि चांगला जमेल. तिकडे घालतात तो सुलतानीन बेदाणा आणि तुमच्याकडची थॉम्पसन सीडलेस हा द्राक्षाचा एकच वाण. फक्त त्याला ‘ड्रेस्डनर श्टोलन’ म्हणून विकता येणार नाही. सांगलीच्या बेदाण्यासारखं त्या नावालाही भौगोलिक संरक्षण आहे.

नियमाप्रमाणे १ किलो मैद्याला निदान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणा, २०० ग्रॅम साखरेत मुरवलेली लिंबू-संत्र्याची साल आणि १५० ग्रॅम बदाम लागतात. मार्गारिन चालत नाही. सालीऐवजी टुटीफ्रुटी घालू नका. तो पपईचा गर, त्याला सालीचा कडवट वास कुठला? लोण्याचा हा मान मोठा वाटतो, पण एके काळी ॲडव्हेंटच्या उपवासात लोणीच वर्ज्य होतं आणि केक तेलात व्हायचा. सॅक्सनीच्या राजघराण्याने अर्ज-विनंत्या केल्यावर १४९१ मध्ये पोप आठवा इनोसंट याने लोण्याला परवानगी दिली.

घरी बिघडतं ते दोन ठिकाणी. कोरडा बेदाणा पिठातलं पाणी ओढून घेतो आणि केक ठिसूळ होतो. म्हणून तो आदल्या रात्री धुऊन भिजवा (तिकडे रममध्ये भिजवतात, तुम्ही संत्र्याच्या रसात भिजवा), नीट निथळा आणि अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळा. मळताना चिरडला गेला तर पीठ काळपट होतं. दुसरं म्हणजे इतक्या लोण्यात यीस्ट दबतं. आधी यीस्ट, कोमट दूध आणि पाव हिस्सा मैदा यांचं सैल आंबवण करा. ते फुगून वर आलं की मगच लोणी आणि उरलेला मैदा घाला. भाजल्यावर गरम असतानाच वितळलेलं लोणी लावून पिठीसाखरेचा जाड थर द्या. या थरामुळेच ओल आत राहते.

तिथून विकत घेताना सोनेरी अंडाकृती शिक्का आणि त्यावरचा बेकरीचा क्रमांक बघा. फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात, थंड जागी ठेवला तर काही आठवडे सहज टिकतो, उलट दोन-तीन आठवड्यांनी जास्त मुरतो. कापताना टोकाकडून नको. मधोमध काप काढा आणि उरलेले दोन भाग एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे कापलेली बाजू वाळत नाही.

तोंडातून धूर सोडणारा लाकडी बाहुला आणि फिरणारा मेणबत्त्यांचा मनोरा घ्यायचा आहे. खरा कसा ओळखावा?
– एक वाचक, वाई

ही कामं एर्त्सगेबिर्गे या डोंगराळ भागातली, विशेषतः झाइफेन गावची. तळाशी कारखान्याचं आणि गावाचं नाव आहे का ते आधी बघा. दहा-बारा युरोत मिळणारा बाहुला बहुधा दुसऱ्या देशातून आलेला असतो.

बाहुल्याचा वरचा भाग उचलला की आत पत्र्याची छोटी थाळी असते. तिच्यावर पेटवलेला धूपाचा कोन ठेवायचा. खालच्या भोकातून हवा आत येते आणि तोंडातून धूर निघतो. कोन मध्येच विझत असेल तर भोक काजळीने बुजलेलं असतं. काडीने साफ करा. आपल्याकडचा मोठा कोन घातला तर लाकूड आतून करपतं.

मनोरा मेणबत्त्यांच्या उष्णतेने वर जाणाऱ्या हवेवर फिरतो. त्याला १४ किंवा १७ मिलिमीटर जाडीच्या मेणबत्त्या लागतात. तुमच्या मनोऱ्याचं माप विचारून दोन-तीन पाकिटं तिथेच घ्या, इकडे मिळत नाहीत. फिरत नसेल तर पात्यांचा कोन सारखा करा. आणि आधी घरातला पंखा बंद करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हेर्नहूटचा पंचवीस टोकांचा, आत दिवा लावायचा तारा घेतला तर टोकं सुटी येतात, घरी जोडायची. वायर आणि होल्डर पुष्कळदा वेगळे विकतात, ते विचारा. कागदी तारा घरातच टांगायचा, गॅलरीसाठी प्लास्टिकचा.

थंडी कितपत? स्वेटर पुरेल?
– एक वाचक, फलटण

तापमान शून्य ते पाच अंश धरा, कधी त्याखाली. महाबळेश्वरला नेतो ते स्वेटर एकटं पुरणार नाही. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. दुकानांत आणि गाडीत हीटर असतो, म्हणून एकच जाड कपडा नको, काढता येतील असे थर हवेत. जास्त त्रास पायांना होतो, कारण फरसबंद दगडांवर तासन्‌तास उभं राहायचं असतं. जाड तळव्याचे बूट एक माप मोठे घ्या. दोन सुती मोज्यांनी बूट आवळला तर पाय जास्तच गारठतात. लोकरीचा एक जोड बरा.

पैसे, सुरक्षा आणि व्हिसा यांबद्दल थोडक्यात सांगा.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

बऱ्याच दुकानांत रोखच चालते. पेयाबरोबर मगाचे दोन ते पाच युरो अनामत घेतात. सोबत बिल्ला दिला असेल तर परत करताना मग आणि बिल्ला दोन्ही लागतात. बिल्ला हरवला की पैसे गेले. तो मग आवडला तर अनामत सोडून घरी आणा, तो चोरीचा होत नाही. स्वच्छतागृहासाठी पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी खिशात ठेवा. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट चालतो. एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, कारण तो दर महाग पडतो.

बर्लिनमध्ये २०१६ ला आणि माग्डेबुर्गमध्ये २०२४ ला बाजारांवर हल्ले झाल्यापासून वाटांवर काँक्रीटचे अडथळे असतात आणि पिशव्या तपासतात. जर्मनीत बाजारात चाकू नेण्यास बंदी आहे. पानाच्या चंचीतला अडकित्ताही हॉटेलवरच ठेवा, तो कशाचा हे पोलिसांना समजावत बसण्यात संध्याकाळ जाईल.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही लागतात. म्हणून डिसेंबरसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज करा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.