क्रूझच्या आदल्या रात्री मुक्काम मुंबईतच

भाऊ, पहिलीच क्रूझ आहे आणि सोबत आई आहेत, म्हणून सांगतो: जहाज सुटायच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचायचा हिशेब करूच नका. माझी गाडी एकदा इगतपुरीला अडीच तास उभी होती. बायको बोर्डिंगचा कागद हातात धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. तो चेहरा अजून विसरलो नाही. एक दिवस आधी निघा.

नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो घ्या, दोन्ही सीएसएमटीला जातात. विमानाने गेलात तर मेट्रो 3 थेट तिथवर आणते.

हॉटेल फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमध्येच बघा. विमानतळाजवळचं चकचकीत असेल, पण सकाळच्या ट्रॅफिकमध्ये बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, गाठताना जीव खालीवर होतो. फोर्टात जुन्या इमारती फार, रिसेप्शनच कधी दुसऱ्या मजल्यावर. फोन करून लिफ्ट आहे का ते आधी विचारा, आईंच्या गुडघ्यांसाठी.

आणि हो, आपल्यासारखे ऑटो दक्षिण मुंबईत चालत नाहीत, काळी-पिवळीच करावी लागते. अंतर थोडं आहे म्हणून बॅगा ओढत पायी निघू नका. फुटपाथच्या फरशांत माझ्या बॅगेचं चाक निखळलं होतं. तिकिटावरचं गेट टॅक्सीवाल्याला दाखवूनच बसा.