पिल्लाचा पहिला ऑक्टोबर

कुत्र्याच्या पिल्लाला माळावर फिरवताय ना, मग आता कुसळांना जपा. गवत वाळलं की ती सुटतात. टोक सुईसारखं, मागे उलटे केस. एकदा शिरलं की पुढेच सरकतं. माझ्या कुत्रीच्या दोन बोटांमध्ये असंच एक रुतलं होतं. गाठ हाताला लागली तोवर आत पू झाला होता. तेव्हापासून घरी आल्यावर दारातच पंजे, काखा, कान चाचपते. पिल्लू अचानक मान कलती करून कान झटकायला लागलं तर कापसाची काडी अजिबात घालू नका, कुसळ आणखी आत जाईल. सरळ डॉक्टर गाठा. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल नको. गोचीड चावल्यानंतर ताप, फिक्या हिरड्या, लालसर लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.