वाचकांचे प्रश्न : केस, चमकी आणि शाळेचे नियम

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. केस कानांवर आले म्हणून त्याला या आठवड्यात तीन दिवस वर्गाबाहेर बसवण्यात आले. शाळेच्या दैनंदिनीत ‘केस नीटनेटके असावेत’ एवढेच वाक्य आहे. केस आपण रोज विंचरतो, तेव्हा नियम मोडलाच कुठे, असे तो विचारतो. मी शाळेशी भांडावे, की त्याला केस कापायला लावावेत? – एक पालक

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी गुंतलेल्या आहेत आणि माझ्या मते केसांची तक्रार दुय्यम आहे. मुख्याध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा आधी बुडालेल्या तासांविषयी लिहा. नियम मोडला असे शाळेला वाटले, तर तिने घरी कळवावे, मुदत द्यावी, पालकांना बोलावून घ्यावे. पण त्यासाठी मुलाचा अभ्यास थांबवण्याचे कारण नाही. जपानमधील ओसाका येथे एका विद्यार्थिनीने 2017 मध्ये दावा लावला होता. आपले केस जन्मतः तपकिरी असूनही शाळा ते काळे रंगवण्याची सक्ती करते, असे तिचे म्हणणे होते. 2021 च्या निकालात न्यायालयाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही, मात्र तिचे नाव पटावरून आणि तिचे बाक वर्गातून काढून टाकल्याबद्दल भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निकालाचा पहिला भाग मला पटत नाही, कारण शरीराबरोबर आलेला रंग बदलायला लावणे ही शिस्त नव्हे. दुसरा भाग मात्र आपल्या मुलाच्या बाबतीत नेमका लागू पडणारा आहे. (टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी केस काळेच असावेत हा नियम 2022 च्या एप्रिलपासून काढून टाकला.)

आता केसांविषयी. ‘नीटनेटके’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक शिक्षक आपल्या आवडीप्रमाणे लावू शकतो, आणि ज्या नियमाचे पालन झाले की नाही हे विद्यार्थ्याला आरशात पाहून ठरवता येत नाही, त्या नियमासाठी शिक्षा करणे योग्य नाही. प्रयोगशाळेत पेटत्या बर्नरजवळ किंवा कार्यशाळेत फिरत्या यंत्राजवळ सुटे केस धोक्याचे असतात, हे कोणीही मान्य करील. पण तो धोका केस बांधल्याने टळतो आणि मुलींच्या बाबतीत शाळा नेमके तेच करते. मग मुलाला केस कापण्यावाचून पर्याय का नसावा, हा प्रश्न आपण लेखी विचारावा. शाळेकडून उत्तर येईपर्यंत मुलाने केस मागे बांधून जावे. शब्दाच्या अर्थावर त्याने बोट ठेवले, ही गोष्ट खरे तर भाषेच्या शिक्षकांना आवडायला हवी होती.

प्रश्न : आमच्या शाळेत साध्या कर्णफुलांखेरीज दागिने घालण्यास मनाई आहे. एका विद्यार्थिनीने घरच्या परंपरेनुसार नाकात चमकी घातली आहे. तिला सवलत दिली, तर उद्या प्रत्येक जण काहीतरी कारण घेऊन येईल, अशी आम्हांला भीती वाटते. – शाळेच्या शिस्त समितीवरील एक शिक्षिका

उत्तर : आपल्यापुढे जो पेच आहे, अगदी तसाच पेच दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापुढे आला होता. डर्बनच्या एका शाळेत तमिळ हिंदू कुटुंबातील मुलीने चमकी घातली होती. शाळेच्या नियमांत कर्णफुलांना परवानगी होती, चमकीला नव्हती. चमकी घालणे ही धर्माची सक्ती नाही, ती ऐच्छिक रीत आहे, हा मुद्दाही तेथे चर्चेला आला. न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले की, स्वेच्छेने पाळलेल्या रीतीलाही संरक्षण आहे, आणि तिला सवलत नाकारणे हा अन्याय्य भेदभाव आहे. ती मुलगी बरेच दिवस चमकी घालून शाळेत येत होती आणि त्यामुळे शिस्त बिघडल्याचा पुरावा पुढे आला नाही. आपण ज्या भीतीविषयी लिहिले आहे, ती भीतीही न्यायालयाने विचारात घेतली. या सवलतीमुळे आणखी विद्यार्थी आपापल्या रीती मोकळेपणाने पाळू लागले, तर ते घाबरण्याजोगे नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

तो निकाल इतर देशांवर बंधनकारक नाही, परंतु त्यातील एक आदेश कोणत्याही शाळेला उपयोगी पडेल : शाळेने नियमावलीतच सवलत मागण्याची पद्धत घालावी. कोणाकडे अर्ज करावा, किती दिवसांत उत्तर मिळेल, नकार दिल्यास कारणे लेखी मिळतील का, एवढे ठरले की कोणाही शिक्षकाला फाटकाशी उभे राहून मुलीच्या नाकाकडे पाहत निर्णय घ्यावा लागणार नाही. खेळाच्या तासाला चमकीवर चिकटपट्टी लावण्याची अट समितीने जरूर घालावी, कारण चेंडू नाकावर बसला तर इजा होते. मात्र ती अट कर्णफुलांनाही लावा.

प्रश्न : गणवेशामुळे श्रीमंत-गरीब हा भेद मिटतो, असे म्हणतात. मग दोन मुलांचे गणवेश घेताना मला कर्ज का काढावे लागते? – एक पालक

उत्तर : कारण शाळेचे चिन्ह असलेले कपडे एकाच विक्रेत्याकडे मिळतात आणि तेथे किंमतीला स्पर्धा नसते. इंग्लंडने यासाठी 2021 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याखालील सूचनांनुसार चिन्हांकित कपडे कमीत कमी ठेवावेत आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करावी, असे शाळांना सांगितले आहे. आपण पालक सभेत एवढेच मागा : चिन्ह वेगळे विकत मिळावे आणि ते साध्या, त्याच रंगाच्या सदऱ्यावर घरी शिवून घेण्याची मुभा असावी.