माहेरी ये, पण कार्ड सांभाळून ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आईला अर्धांगवायूचा झटका, तुला पाचवा महिना, नवरा नोकरीसाठी न्यू जर्सीतच राहणार आणि तू वर्ष-दीड वर्ष सोलापुरात. ये. बाळंतपण माहेरी होईल, आईलाही उभारी येईल. फक्त "दर सहा महिन्यांनी एक चक्कर मारली की ग्रीन कार्डाला धक्का लागत नाही, असं सगळेच सांगतात" हे जे लिहिलंयस, ते डोक्यातून काढून टाक. असा काही नियम नाही. आणि तुझ्या बाबतीत तर ती चक्कर बाळालाच नडेल.

कशी ते बघ. ग्रीन कार्डवाली बाई तात्पुरती बाहेर असताना तिला मूल झालं, तर त्या मुलाला अमेरिकेत जायला व्हिसा लागत नाही. विमानतळावरच त्याचा कायम रहिवासी म्हणून प्रवेश होतो. पण अटी दोन आहेत. बाळ २ वर्षांचं व्हायच्या आत जायचं, आणि बाळंतपणानंतर तू जी पहिली परतीची फेरी करशील तिच्यातच त्याला सोबत न्यायचं. बाळाला मावशीकडे ठेवून तू आठ दिवस 'कार्ड जिवंत ठेवायला' जाऊन आलीस, की ती पहिली फेरी संपली. मग त्या तान्ह्यासाठी वेगळा अर्ज, एफ-२ए ची (ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायको-मुलांच्या व्हिसाची) रांग, आणि तोवर आई एकीकडे, बाळ दुसरीकडे. म्हणून बाळंतपणानंतर मधे जायचंच नाही. जायचं ते बाळाला घेऊनच.

आता मधे न जाता वर्षाच्या वर राहायचं तर रीएन्ट्री परमिट, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परत शिरायचा परवाना, हवाच. नुसत्या कार्डावर परत येता येतं ते वर्षाच्या आत, आणि १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलीस की तेवढ्यासाठीही उलटतपासणी होऊ शकते. परमिटचा फॉर्म आय-१३१. तो भरताना तू अमेरिकेत असायला हवीस. इथे सात रस्त्यावरच्या सायबर कॅफेतून तो भरता येत नाही. ठशांचं बोलावणं आलं की ते देऊन मगच विमानात बस. परमिट हातात पडायला महिने लागतात, पण त्यासाठी तिथे थांबायची गरज नाही. ते मुंबईच्या वकिलातीत पाठवा, असं फॉर्ममध्येच सांगता येतं. त्याची मुदत जास्तीत जास्त २ वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही. सातव्या महिन्यानंतर विमानवाले डॉक्टरची चिठ्ठी मागायला लागतात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाक. परमिट न घेता वर्ष उलटलं तर एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसाचा दरवाजा आहे, पण तिथे 'परतणं माझ्या हातात नव्हतं' हे सिद्ध करावं लागतं. त्या वाटेला जायची वेळ आणू नकोस.

परमिट असलं तरी अधिकारी बघतो ते एकच: हिचं घर नक्की कुठे आहे? तुझा नवरा तिथे आहे, हा मोठा आधार. घराच्या भाडेकरारावर तुझं नाव राहू दे, तिथलं बँक खातं आणि लायसन्स चालू ठेव, ऑफिसकडून बिनपगारी रजेचं पत्र घे. इकडे आईचं डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, सगळं तारखेसकट एका फाइलीत लाव. आणि परतताना कोणी आय-४०७ पुढे करून 'सही करा' म्हणालं, तर करायची नाही. ती सही म्हणजे आपण होऊन कार्ड सोडणं. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जायचा तुझा हक्क आहे, तो मागायचा.

कर मात्र लोक हमखास विसरतात. सोलापुरात राहिलीस तरी दरवर्षी १०४०, म्हणजे अमेरिकेचा आयकराचा फॉर्म, भरायचा, तोही रहिवासी म्हणूनच. चार डॉलर वाचवायला 'नॉन-रेसिडेंट' म्हणून भरलास, तर कार्ड सोडल्याचा पुरावा तूच लिहून दिलास. औषधपाण्यासाठी बाबा तुझं नाव त्यांच्या खात्यात घालतील, तेव्हा लक्षात ठेव: तुझी इकडची सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेच्या सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि जोडखात्याची पूर्ण रक्कम तुझ्या नावावर मोजतात. आणि नव्या पेठेतला तुझा तो एजंट मामा 'बाळाच्या नावाने एसआयपी काढू' म्हणेल. गोड बोलून नाही म्हण. भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचे कराचे नियम इतके किचकट आहेत, की नफ्यापेक्षा सीएची फी जास्त होईल.

नागरिकत्वाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. वर्षाच्या वर बाहेर राहिलीस की सलग वास्तव्य तुटतं, परमिट असलं तरी. परतल्यावर साधारण ४ वर्षं १ दिवस पुन्हा काढावे लागतील. आईपुढे ते काही फार नाही, असं माझं मत. तुझं तू ठरव.

तिथला एखादा इमिग्रेशन वकील तासभर गाठ, माझ्यावर विसंबू नकोस. पण एक गोष्ट वकील सांगणार नाही. दवाखान्यात जन्माचा फॉर्म भरताना घरचं कोणीतरी कौतुकाने तुझं सासरचं नाव सांगेल. तुझ्या पासपोर्टवर आणि कार्डावर माहेरचं नाव आहे. दाखल्यावर आईचं नाव अक्षर न् अक्षर तेच लागलं पाहिजे, नाहीतर महापालिकेत दुरुस्तीसाठी खेटे घालत बसशील. बाळाचं नावही बारशालाच पक्कं करून दाखल्यावर चढव, म्हणजे पासपोर्टचा अर्ज लगेच करता येईल. बाळाकडे व्हिसा नसणार, म्हणून तिकीट काढतानाच विमान कंपनीशी बोलून घे आणि बाळाला व्हिसा लागत नाही असं सांगणाऱ्या ८ सीएफआर २११.१ या अमेरिकी नियमाची छापील प्रत पर्समध्ये ठेव. काउंटरवरच्या पोराला तो माहीत असेलच असं नाही.

फॉर्म भरून झाला की पाठव, मी एकदा नजर टाकतो.

तुझा,
काका