वाचक विचारतात: नायक आपोआप डावीकडे का चालतो?

प्रश्न: सध्या ‘हॉलो नाइट’ हा व्हिडिओ गेम खेळतोय. कंट्रोलर टेबलावर ठेवला तरी नायक डावीकडे चालत सुटतो आणि काट्यांवर पडतो. गेममध्येच दोष आहे का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: नाही, हा स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची दांडी (स्टिक) न हलवताही हलल्याचा संदेश जाणं. प्रत्येक स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यांतल्या कार्बनच्या पट्टीवर धातूची पट्टी घासत राहते. कार्बनची पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की स्टिक मध्यावर असूनही आकडा शून्य येत नाही. ग्वाल्हेरची मे महिन्यातली लू आठवा. धूळ कुठून येते ते सांगायला नको.

आधी स्टीम या गेम चालवायच्या ॲपच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित होणारी हालचाल, वाढवून पाहा. 10 टक्क्यांपासून सुरू करून एकेक टक्का वर जा, नायक थांबला की तिथेच थांबा. 20 च्या पुढे गेलात तर हलकी हालचाल मरते. मग कंट्रोलर बंद करून 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब स्टिकच्या बुडाशी सोडा, स्टिक वीसेक वेळा गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. सॅनिटायझर मात्र नको, त्यातलं ग्लिसरीन चिकटून बसतं.

धूळ असेल तर फरक पडेल. पट्टीच झिजली असेल तर आठवड्याभरात पुन्हा तेच. मग हॉल इफेक्टची स्टिक बसवून घ्या. तिच्यात चुंबक असतो, घासणं नाही. जुनी काढायला 14 ठिकाणचं सोल्डर उकलावं लागतं, तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेच जा. तोवर डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणांवर) खेळा, या गेमला तो उलट जास्त मानवतो.